उपवासाचा सोडा

आमच्या तुळजापुरात गोटीचा सोडा दोनच वेळांना पितात. जेवण जास्त झाल्यावर, नाहीतर जेवणाला उशीर असल्यावर. मधल्या वेळेत जो पितो तो परगावचा, असं खुशाल समजावं.

नवस फेडायला आलेली मंडळी दुपारी मटणाचं जेवण उरकतात आणि उन्हं कलली की पोटावरून हात फिरवत स्टँडजवळच्या सोड्याच्या दुकानाकडं येतात. जाड हिरवट काचेची बाटली, तिच्या गळ्याशी अडकलेली गोटी. ती अंगठ्यानं आत दाबायची. फट्ट असा आवाज होतो, फेस उसळतो, आणि मग बाटली अशा बेतानं तिरकी धरायची की गोटी गळ्याजवळच्या खळगीत बसून राहील. हे ज्याला जमत नाही त्याची गोटी घरंगळत तोंडापाशी येते आणि सोडा अडतो. मोठ्या शहरातले लोक बाटली हलवून बघतात, एक डोळा मिटून आत बघतात, शेवटी सोडावाल्याकडं बघतात. आम्ही त्यांच्याकडं बघत असतो.

साधा, लिंबू, ऑरेंज आणि जिरा असे प्रकार मिळतात. त्यातला जिरा म्हणजे थोरल्या घरचा. भाजलेल्या जिऱ्याचा आणि पादेलोणाचा वास आधी नाकात शिरतो, मग सोडा घशात. पादेलोण हा शब्द मात्र माझ्या आत्याला सहन व्हायचा नाही. चारचौघांत असले शब्द उच्चारायचे नाहीत म्हणून ती कायम ‘काळं मीठ’ म्हणायची.

आत्या ही माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवरा गेला. मग ती शिकली, जिल्हा परिषदेच्या शाळेत बाई झाली, गावोगाव बदल्या झाल्या आणि निवृत्त झाल्यावर आमच्याकडं राहायला आली. मंगळवार देवीचा, शुक्रवारही देवीचाच, दोन एकादश्या, चतुर्थी, नवरात्र सगळं. उरलेल्या दिवशी ती जेवायची, पण फार मनापासून नाही. घरातल्या सगळ्यांच्या उपवासांचं न्यायालयही तीच. भगर चालते, हळद चालत नाही. जिरं चालतं, मोहरी चालत नाही. कोथिंबीर आमच्याकडं चालत नाही, शेजारी चालते. त्यामुळं शेजारच्यांचं पुढं कसं होणार याची तिला काळजी वाटायची.

“आक्का, मग चहा कसा चालतो?” वडील एकदा म्हणाले. ते कचेरीत कारकून होते, नियमांमधल्या फटी त्यांना लगेच दिसायच्या.

“चहा हा पदार्थ नाही,” आत्या म्हणाली. निकाल लागला.

बाहेरचं तर ती काहीच तोंडात घालायची नाही. शाळेतसुद्धा पाण्याचा तांब्या घरून न्यायची.

काही वर्षांपूर्वी चैत्रात मी तिला घेऊन सोनारीला गेले. काळभैरव आमचं कुळदैवत, आणि यात्रेच्या दिवसांत एकदा तरी डोकं टेकवायचं अशी तिची रीत. मी धाराशिवला नोकरी करते, रजा मिळाली ती नेमकी मंगळवारची. म्हणजे आत्याच्या पोटात सकाळपासून एक शेंगदाण्याचा लाडू आणि न मोजलेला चहा. दर्शनाची रांग लांब, ऊन डोक्यावर. बाहेर आलो तेव्हा ती पायरीवर मटकन बसली आणि तिनं छातीखाली हात दाबून धरला.

“काय होतंय, आत्या?”

“काही नाही. वायू धरलाय.”

तेवढ्यात एका माकडानं माझ्या हातातलं प्रसादाचं खोबरं पळवलं. सोनारीत माकडांचं राज्य आहे, त्याचं नवल नाही. पण आत्या त्या माकडाला काहीच बोलली नाही. मग मात्र मी घाबरले.

समोरच सोड्याचा गाडा होता. मी धावत जाऊन त्या माणसाला पाणी मागितलं, पायरीकडं बोट दाखवलं. त्यानं तिकडं पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि गल्ला तसाच उघडा टाकून, एक बाटली उचलून पायऱ्यांकडं पळाला. पन्नाशीचा गडी, पण आत्यासमोर जाऊन उभा राहिला तो हात मागं बांधून.

“बाई? वळखलं का? म्या तेरच्या शाळंत व्हतो. चवथीत.”

आत्यानं डोळे किलकिले केले. “शेवटच्या बाकावर बसायचास. सतराचा पाढा यायचा नाही तुला.”

“आजून येत न्हाय, बाई,” तो म्हणाला आणि हातातली साध्या सोड्याची बाटली फोडून पुढं केली.

“आज मंगळवार आहे.”

“व्हय की.”

“उपवास आहे माझा.”

“बाई, पानी हाय आन् हवा हाय. हवेला कसला आलाय उपास? मंगळवारी तुमी सास घेताच की.”

आत्यानं आयुष्यात पहिल्यांदा विद्यार्थ्याचं ऐकलं. दोन घोट घेतले, थांबली, आणखी दोन घेतले. आम्ही दोघं तिच्या तोंडाकडं बघत उभे. मग ढेकर आला. ‘आला’ म्हणणं कमीच होईल. रांगेतली माणसं वळली, आणि खोबरं खात बसलेलं माकड दोन पायऱ्या खाली सरकलं. आत्यानं पदर तोंडावर घेतला. तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, चारचौघांत झालं म्हणून रडतेय. पदर बाजूला केला तर ती हसत होती. तोवर मी तिला हसताना पाहिलं नव्हतं असं नाही, पण असं पोटातून, शाळकरी पोरीसारखं, कधीच नाही.

परतताना जीपमध्ये ती एवढंच म्हणाली, “घरी सांगण्यासारखं यात काही नाही.”

मी नाही सांगितलं. पण नंतरच्या एका मंगळवारी मी घरी होते, तर तिनं माझ्या हातात कडीचा डबा दिला. “स्टँडवरनं जरा पाणी घेऊन ये.”

“कसलं पाणी?”

“ते... हवेचं.”

तिच्या त्या विद्यार्थ्याचं दुकान आमच्याच स्टँडजवळ होतं. यात्रांना तो फक्त गाडा घेऊन जायचा. इतकी वर्षं आम्ही त्याच्या दुकानावरून ये-जा करत होतो आणि बाईंची नजर चुकवायला तो मात्र आत तोंड घालून बसायचा, असं त्यानं नंतर कबूल केलं. मी डबा भरून आणला. चढ चढून घरी येईतो त्यातली हवा निघून गेली होती. आत्यानं एक घोट घेतला, डबा तुळशीत रिकामा केला आणि छत्री घेऊन स्वतःच निघाली.

दुकानात नवीन अडचण निघाली. बाटली सगळ्यांच्या तोंडाला लागलेली. तिच्यासमोर त्यानं एक बाटली कढत पाण्यानं धुतली, तरी तिचं समाधान होईना. शेवटी त्यानं एका नव्या बाटलीच्या गळ्याला लाल दोरा बांधला आणि सांगितलं, “ही बाईंची. हिला दुसरं कोन बी हात लावनार न्हाय.” तेव्हापासून आत्या त्याच्या दुकानात प्लास्टिकच्या खुर्चीत, मांडीवर पर्स ठेवून, आपल्या बाटलीतून सोडा प्यायला लागली.

एके दिवशी त्यानं मोठ्या हौसेनं जिरा सोडा पुढं केला. आत्यानं नुसता वास घेतला.

“यात काय काय घालतोस?”

तो उठून उभा राहिला. “जिरं, साखर, लिंबूसत्त्व, पादेलोण...”

“काय?”

“काळं मीठ, बाई.”

मग एकेकाची तपासणी झाली. जिरं पास. साखर पास. लिंबूसत्त्व कशाला, गावात लिंबं मिळत नाहीत का? आणि काळं मीठ तर भट्टीत कशाकशाबरोबर भाजतात कोण जाणे, ते उपवासाला चालणार नाही. “शेंदेलोण घाल,” ती म्हणाली.

“शेंदेलोणानं ठसका येत न्हाय, बाई.”

“ठसका उपवासाला लागत नाही.”

लागतो. हे पहिल्याच बाटलीत दोघांना कळलं. ते पेय जुलाबावर देतात त्या पाण्यासारखं लागत होतं. पुढच्या खेपेला आलं घातलं. बरं लागलं, पण काढ्याकडं झुकलं. दोघं काही मंगळवार आणि शुक्रवार विचारात पडली होती. मी शनिवारी घरी आले की आत्या मला प्रगती सांगायची, जशी पूर्वी एखाद्या कच्च्या मुलाची सांगायची. मग त्यालाच सुचलं की उपवासाला मिरची चालते. साबुदाण्यात नाही का घालत! हिरव्या मिरचीचा अगदी थोडा रस, आलं, लिंबू, भाजलेलं जिरं, शेंदेलोण. आत्यानं घोट घेतला. ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं, नाक पुसून झालं. मग ती म्हणाली, “हं.”

तिच्या वर्गात ‘हं’ म्हणजे पैकीच्या पैकी.

वडिलांना याचा पत्ता लागला तो स्टँडवर. एसटीतून उतरले तर समोर खुर्चीत थोरली बहीण, हातात दोरा बांधलेली बाटली. ते पेपरच्या आडून बराच वेळ बघत उभे राहिले. घरी आल्यावर त्यांनी चप्पल काढायच्या आधीच सुरुवात केली.

“आक्का, तू बाहेरचं खात नाहीस ना?”

“नाही.”

“पण पितेस.”

“हवा असते ती.”

“मग येत्या मंगळवारी मी भजी खातो. भज्यातसुद्धा निम्मी हवाच असते.”

त्या दिवशी संध्याकाळी उपवास नसताना वडिलांच्या ताटात भगर पडली.

नवरात्र आलं तशी दुकानाबाहेर खडूनं लिहिलेली पाटी लागली. ‘ऊपवासाचा सोडा मीळेल.’ आणि खाली, ‘बाईनीं तपासलेला.’ आत्याचं नाव असं रस्त्यावर लागलेलं बघून मी तडक घरी आले. मी तिला सांगितलं. ती छत्री घेऊन निघाली, मीही मागोमाग. तिला येताना बघून सोडावाला दुकानाच्या पायरीवरून खालीच आला.

“खडू दे,” आत्या म्हणाली.

त्यानं दिला. तिनं ‘ऊ’ पुसून ‘उ’ केला. ‘मी’ पुसून ‘मि’ केला. अनुस्वार एक घर मागं आणला. मग दोन पावलं मागं येऊन पाटी पाहिली आणि खडू परत दिला. खालची ओळ पुसून टाक असं ती म्हणाली नाही. मीही आठवण करून दिली नाही.

त्या नऊ दिवसांत सोलापूरकडून, पार कर्नाटकातून चालत आलेल्या बायका त्या पाटीपाशी थबकायच्या. तळपायाला फोड, तोंडं सुकलेली, आणि उपवास. पाटी वाचून दाखवली तरी विश्वास बसायचा नाही. एक म्हातारी बाटली हातात धरून कन्नडमध्ये सारखं विचारत होती, “उपवासक्क नडीतदेन्री?” सोडावाल्यानं असहायपणे आत्याकडं बघितलं.

“नडीतद, नडीतद,” आत्या खुर्चीतूनच म्हणाली. चालतं, चालतं. सीमेवरच्या शाळेत काढलेली वर्षं तेवढ्या दोन शब्दांपुरती कामाला आली. मग तिनं उठून त्या म्हातारीची गोटी स्वतःच्या अंगठ्यानं दाबून दिली, आणि बाटली कशी धरायची ते दाखवलं. ज्या बाईनं घरात कोथिंबिरीवरून वर्षानुवर्षं भांडण टिकवलं, ती भर रस्त्यात अनोळखी बायकांना “घ्या हो, काही होत नाही” म्हणत होती. वडील पेपर न घेताच बघायला आले होते.

यंदाच्या उन्हाळ्यात सोडावाल्याच्या मुलीचं लग्न ठरलं. लग्न त्याच्या गावी, तेरला. नवरदेवाकडची मंडळी ढोकीकडची, उसाच्या बागायतीतली, चांगली सुखवस्तू. पत्रिका द्यायला तो जोडीनं आमच्या घरी आला, आत्याच्या पाया पडला. आत्यानं सहज विचारलं, “किती क्रेट सोडा नेणार आहेस?”

तो चपलेकडं बघत राहिला. त्याची बायकोच बोलली, “त्यांनी कंपनीचं थंड सांगितलंय, बाई. काळ्या बाटल्या.”

“म्हणजे?”

“बाई, पाव्हणे मोठे हायती,” तो म्हणाला. “म्हनतील, सोडावाल्यानं घरातलंच पाजून भागवलं. पोरीला उद्या टोमणा बसायचा.”

 आत्या गप्प बसली की पूर्वी आख्खा वर्ग आपोआप उभा राहायचा. तो उभाच होता, म्हणून आणखी वाकला आणि निघून गेला.

लग्नाच्या दिवशी सकाळी मी आवरून आत्याला हाक मारली तर ती घरात नव्हती. दुकानापाशी होती. सोडावाल्याचा मागं थांबलेला धाकटा भाऊ सामानसुमान टेंपोत घालत होता, आणि आत्या त्याला सोड्याचे क्रेट मोजून चढवायला लावत होती.

“दादा वरडल माज्यावर, बाई,” तो सांगत होता.

“मी पुढं बसते. ओरडला तर मला ओरडेल,” असं म्हणून आत्या गुडघे धरत टेंपोत चढली. मी तिच्या शेजारी. तेरपर्यंत बाटल्या मागं किणकिणत होत्या. आत्या देवीचं काहीतरी पुटपुटत होती, पण मधेच थांबून मला म्हणाली, “त्यानं नाही म्हटलं तर गप परत आणायचे. त्याच्या घरचं कार्य आहे.” तिलाही धाकधूक होती तर.

मांडवात तो फेटा बांधून पाहुण्यांच्या पुढंपुढं करत होता. टेंपोवरची ताडपत्री बघून त्याला काय ते कळलं. आत्याकडं त्यानं असं पाहिलं की मलाच वाईट वाटलं. मग तो पाहुण्यांकडं वळला, आणि आम्ही ताडपत्री उघडली नाही. अक्षता पडल्या. कंपनीच्या बाटल्या वाटून झाल्या. बर्फ दुपारच्या उन्हापुढं टिकला नव्हता, तेव्हा थंड फक्त नावाला. लोकांनी मुकाट पिऊन बाटल्या खुर्च्यांखाली ठेवल्या.

मग पंगती बसल्या. नवरदेवाचा चुलता, मोठ्या आवाजाचा आणि मोठ्या अंगाचा माणूस, वाढप्यांशी पैज लावल्यासारखा जेवला. बुंदी, पुन्हा बुंदी, वरून मठ्ठा. हात धुवून खुर्चीत बसला आणि बसल्या जागी घामाघूम झाला. धोतराची गाठ सैल करून ओरडला, “अरं, ह्या गोड पाण्यानं काय हुतंय! सोडा आना की कुनीतरी! तुळजापूरच्या सोडावाल्याच्या मांडवात आलो, आन् सोडाच न्हाय व्हय?”

 सोडावाला फेट्याखाली लालबुंद.

“आहे,” मागच्या रांगेतून आत्याचा आवाज आला. “वधूपित्यानं खास आणलाय. जेवणानंतरच द्यायचा असतो, म्हणून थांबलो होतो.”

आत्याला खोटं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. फार सफाईनं बोलली.

सोडावाला टेंपोकडं धावला. ताडपत्री बाजूला झाली. नव्या सदऱ्याच्या बाह्या वर सारून त्यानं पहिली बाटली फोडली, दुसरी, तिसरी. फट्ट, फट्ट, फट्ट. चुलत्यानं उभ्या उभ्या दोन संपवल्या. मग जे झालं त्यानं मांडवाचा पडदा हलला असं तेरकर अजून सांगतात. सगळा मांडव हसला, चुलता सगळ्यांत मोठ्यानं. “हां! आता झालं लगीन!” तो म्हणाला आणि सोडावाल्याला त्यानं मिठी मारली. फेटा निसटून मागं पडला तरी सोडावाल्याला तो उचलायचं सुचेना. त्याचे डोळे भरले होते, पण जिरा सोड्यानंही तसं होतं, त्यामुळं कुणी विचारलं नाही.

गर्दी उसळली. नवरदेवाच्या मित्रांनी एक बाटली त्याच्या हातात दिली. बिचाऱ्यानं अंगठा टेकवला, दाबला, दोन्ही अंगठे लावले, चेहरा वाकडा केला. गोटी हलेना. शालूतल्या नवरीनं क्षणभर वाट बघितली, मग मेंदीचा हात पुढं करून बाटली घेतली आणि एका दाबात गोटी आत घातली. जन्म दुकानात गेलेला तिचा. बायकांच्या घोळक्यातून कुणीतरी ओरडलं, “बघ रं बाबा, जपून ऱ्हा!”

सगळे क्रेट रिकामे झाले. निघताना सोडावाला आत्याच्या पाया पडायला वाकला, तर तिनं त्याला अर्ध्यातच धरलं. “पोरीसारखा अंगठा नाही हो तुझा,” ती म्हणाली. 

कंपनीच्या न उघडलेल्या बाटल्या मात्र उरल्या. त्यांचं काय करायचं म्हणून त्यानं एक खोकं आमच्या घरी आणून ठेवलं. आत्यानं त्याकडं पाहायचंही नाकारलं. सध्या त्या फ्रिजमध्ये भगरीच्या डब्यामागं दडवलेल्या असतात. आत्या दुपारी आडवी झाली की वडील दबक्या पावलांनी जातात, झाकण रुमालात धरून आवाज न करता उघडतात, आणि स्वयंपाकघरात उभ्यानंच पितात. मागच्या शनिवारी मी त्यांना पकडलं.

“सांगू नकोस तिला,” ते कुजबुजले. “आज चतुर्थी आहे.”